मॉरिसची चौकट : अनेक आलेख एका आकृतीत कसे आले

थ्रेड

१/
अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९३१ आणि १९३२ या दोन हंगामांत सातूच्या, म्हणजे बार्लीच्या, दहा वाणांची चाचणी घेण्यात आली. सहा ठिकाणे, दोन वर्षे, दहा वाण. एकूण १२० आकडे. ते १९३४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे जवळजवळ साठ वर्षे संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आणि शोधनिबंधांतून हिंडत राहिले. एखादी नवी पद्धत सुचली की ती या सातूवर चालवून पाहायची, असा जणू रिवाजच पडला. त्या आकड्यांत काहीतरी खटकण्यासारखे आहे, ही गोष्ट मात्र १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच चर्चेला आली. ती दिसली सहा लहान आलेख एकाखाली एक मांडल्यामुळे.

२/
आजचा थ्रेड या मांडणीच्या इतिहासाचा आहे. अनेक आलेख जुळवून एक आकृती करणे हे काम आज पदवीचा विद्यार्थी संगणकाला दोन ओळींची आज्ञा देऊन उरकतो. काम इतके सोपे झाले आहे की त्यात काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. परंतु ‘कोणता आलेख कोणाच्या शेजारी’ या प्रश्नाला चारशे वर्षांची परंपरा आहे, आणि त्या उत्तरावर कधीकधी एखाद्या संशोधकाचा लौकिकही अवलंबून राहिला आहे.

३/
प्रथम ते आकडे पाहू. इमर, हेज आणि पॉवर्स या तिघा कृषिसंशोधकांनी ही चाचणी प्रसिद्ध केली. वाणांची नावे मोठी वेधक आहेत : मंचुरिया, ट्रेबी, वेल्वेट, पीटलँड, ग्लॅब्रॉन. काहींच्या नशिबी नाव नाही, नुसताच क्रमांक : ४५७, ४६२, ४७५. ठिकाणे राज्यभर विखुरलेली. सेंट पॉल येथील युनिव्हर्सिटी फार्म, दक्षिणेचे वासेका, पश्चिमेकडचे मॉरिस, वायव्येचे क्रुकस्टन, उत्तरेचे ग्रँड रॅपिड्स आणि सुपीरियर सरोवराच्या काठचे डुलूथ. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक वाणाचे तीन वाफे, आणि त्यांवरून काढलेला एकरी उतारा बुशेलमध्ये.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, रोनाल्ड फिशर यांचे ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ हे पुस्तक निघाले. प्रयोगांची आखणी कशी करावी याचा तो पायाभूत ग्रंथ. त्यात फिशर यांनी दहांपैकी पाच वाणांचे आकडे उदाहरणादाखल घेतले, आणि मिनेसोटाचा सातू जगप्रसिद्ध झाला.

(जाता जाता : शेतीच्या प्रयोगांचे हे संख्याशास्त्र आपल्याकडे रुजवण्यात व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा वाटा फार मोठा आहे. १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलेले या दोघांचे इंग्रजी पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.)

४/
फिशर यांच्या तक्त्यात तीन वाफ्यांची बेरीज दिली आहे. मंचुरिया वाणाच्या ओळी वाचा. वासेका येथे १९३१ मध्ये १४६.६, १९३२ मध्ये १००.४. क्रुकस्टन येथे ११९.८ आणि ९८.९. ग्रँड रॅपिड्स येथे ९८.९ आणि ६६.४. डुलूथ येथे ८६.९ आणि ६७.७. युनिव्हर्सिटी फार्म येथे ८१.० आणि ८०.७. आणि मॉरिस येथे ८२.३ आणि १०३.१.

असे एका वाणाचे आकडे वेगळे काढून समोर ठेवले की मॉरिस वेगळे पडते हे चटकन ध्यानात येते. पण मूळ तक्त्यात हीच ओळ इतर वाणांच्या आकड्यांत मिसळलेली असते. तक्ता वाचताना नजर एका वेळी एका आकड्यावर असते. मागचा आकडा स्मरणात धरून पुढचा पाहावा लागतो. १२० आकडे असे कोण धरील? म्हणून एवढी वर्षे एवढ्या विद्वानांच्या हाताखालून हा तक्ता गेला आणि त्याने आपले गुपित राखले.

५/
आता थोडे मागे जाऊ. अनेक चित्रे एकाच मापाने एकाच पानावर मांडून त्यांतला बदल दाखवण्याची युक्ती आलेखांहून जुनी आहे. १६११ च्या हिवाळ्यात क्रिस्टोफ शाइनर हा जेझुइट पंथाचा गणिती सूर्यावरचे डाग पाहत होता. १६१२ च्या आरंभी त्याची तीन पत्रे आउग्सबुर्ग येथे टोपणनावाने छापली गेली. त्यांना जोडलेल्या चित्रपटात सूर्याची लहान लहान वर्तुळे ओळीने मांडलेली आहेत, प्रत्येक वर्तुळ एकेका निरीक्षणाचे. वाचकाने वर्तुळांवरून डोळा फिरवायचा, की डाग सरकताना दिसतो. सूर्याच्या बिंबाचे माप सर्वत्र सारखे ठेवल्यामुळेच हे साधते. डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान ग्रह असावेत, हा त्याचा निष्कर्ष चुकीचा होता आणि गॅलिलिओने त्याला तसे खडसावलेही. मांडणी मात्र निर्दोष होती. चांगली मांडणी आणि बरोबर निष्कर्ष या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हे मॉरिसकडे परत येईपर्यंत लक्षात असू द्यावे.

६/
संख्यांचे आलेख त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी आले. विल्यम प्लेफेअरचा ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस’ १७८६ चा. इंग्लंडचा एकेका देशाशी चाललेला व्यापार त्यात एकेका स्वतंत्र पानावर आहे. दोन देशांची तुलना करायची तर पान उलटावे लागते, आणि पान उलटताना मागचे चित्र विरून जाते.

एकाच पानावर सर्व काही, हा प्रकार अमेरिकेत भव्य रूपात आला तो फ्रान्सिस वॉकर यांच्या १८७४ च्या ‘स्टॅटिस्टिकल अ‍ॅटलस’मध्ये. १८७० च्या जनगणनेवर आधारलेला हा ग्रंथ. त्यात प्रत्येक राज्याच्या लोकसंख्येची वय आणि लिंगानुसार विभागणी दाखवणाऱ्या छोट्या आकृती एकाच पानावर रांगेने लावल्या आहेत. जुन्या पूर्वेकडील राज्यांचा आकार एक, आणि नुकत्याच वसलेल्या पश्चिमेकडील, पुरुषांची गर्दी असलेल्या प्रदेशांचा आकार दुसराच. मजकूर न वाचताही वसाहतीचा इतिहास कळतो. हे सारे शिळाछापावर, हाताने. एका चौकटीचे माप चुकले तर पुन्हा आरंभापासून.

७/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेखांची प्रतिष्ठा घसरली. गणिती संख्याशास्त्राचा जोर वाढला. चित्रे म्हणजे सामान्यांसाठी केलेली सजावट, अचूकता हवी तर आकडे पाहा, अशी समजूत विद्वानांत पसरली. या समजुतीला तडा देणारा निबंध १९७३ मध्ये येल विद्यापीठाचे फ्रान्सिस अँस्कम यांनी लिहिला. त्यांनी चार कल्पित संच रचले. प्रत्येकात ११ बिंदू. चारही संचांत आडव्या अक्षावरील सरासरी ९, उभ्यावरील ७.५, सहसंबंध सुमारे ०.८२, आणि जुळणारी सरळ रेषाही एकच. गणिताच्या दृष्टीने जुळी भावंडे म्हणावीत असे. पण चार आलेख काढा : एकात साधा विखुरलेला ढग, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात सरळ रेषा आणि तिच्यापासून फटकून असलेला एक बिंदू, चौथ्यात एका उभ्या ओळीत दहा बिंदू आणि दूर कोपऱ्यात अकरावा.

हा निबंध नेहमी ‘आलेख काढा’ या उपदेशासाठी आठवला जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. चारही आलेख समान मापाच्या अक्षांवर आहेत. प्रत्येकाला त्याच्या आकड्यांपुरता वेगळा अक्ष दिला असता तर रेषा चारही ठिकाणी निरनिराळ्या कलत्या दिसल्या असत्या आणि ‘एकच रेषा, चार वास्तवे’ हा सारा खेळच विसकटला असता.

८/
आता संगणक. न्यू जर्सीतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ या संगणकभाषेचे काम सुरू केले. आकडे घ्यावेत, उलटसुलट करून पाहावेत, लगेच आलेख काढावा आणि त्यावरून पुढचा प्रश्न विचारावा, यासाठी घडवलेली ही भाषा. पुढे तिच्यात पान विभागण्याची एक छोटी सोय होती. तिचे नाव ‘एमएफरो’, म्हणजे अनेक आकृती, ओळीओळीने भरा. दोन आणि तीन असे आकडे दिले की पानाचे दोन ओळी आणि तीन स्तंभ असे सहा खण पडतात. मग प्रत्येक नवा आलेख पुढच्या खणात जाऊन बसतो. ‘एमएफकोल’ म्हटले की तेच खण स्तंभास्तंभाने भरतात.

याच सुमारास विकसित झालेल्या मॅटलॅबमध्येही अशीच सोय आली : ओळी किती, स्तंभ किती, आणि त्यांतला कितवा खण. पोस्टातल्या पत्रांच्या खणांसारखी ही पद्धत. समजायला सोपी आणि अजूनही जिवंत.

९/
पण या खणांत एक मोठी उणीव होती. खणांतले आलेख एकमेकांचे शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नसत. प्रत्येक आलेख आपापले आकडे पाहून आपापला अक्ष ठरवी. एका खणात अक्ष १० ते ४० तर शेजारच्या खणात २० ते ७०. दोन्हीकडे ठिपका मधोमध दिसतो. एकाची किंमत २५, दुसऱ्याची ४५. पाहणाऱ्याला दोन्ही सारखे वाटतात. वॉकर यांच्या काळात असे होणे कठीण होते, कारण मापे माणूस आखत असे आणि सर्व चौकटींना एकच मापपट्टी लावणे हे त्याला सोयीचेच होते. यंत्राने कष्ट वाचवले, पण त्याबरोबर तुलनेची जबाबदारीही गुपचूप काढून घेतली.

एक सुधारणा अशी की अक्षाच्या मर्यादा आपण स्वतः लिहून द्याव्यात. काळजीवाहू लोक तसे करीतही. पण जे काम दरवेळी आठवणीने करावे लागते ते बहुतेकदा राहून जाते.

१०/
बेल लॅबमध्येच विल्यम क्लीव्हलँड हे संख्याशास्त्रज्ञ होते. १९८४ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी प्रयोग करून एक साधा प्रश्न विचारला : आलेख वाचताना माणसाचा डोळा कोणते काम अचूक करतो आणि कोणते अंदाजपंचे? त्यांच्या क्रमवारीत सर्वांत वर आले ते एकाच समाईक मापपट्टीवरील स्थान ओळखणे. त्याखाली, मापपट्टी तीच पण वेगवेगळ्या ठिकाणी सरकवलेली असताना स्थान ओळखणे. लांबी, कोन, क्षेत्रफळ ही सारी त्याहून खाली.

चौकटींच्या मांडणीचा सारा व्यवहार या पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. चौकटी एकाखाली एक ठेवल्या तर आडवा अक्ष सर्वांना समाईक होतो. एका चौकटीतला ठिपका डावीकडे की उजवीकडे हे खालच्या चौकटीशी थेट ताडून पाहता येते. त्याच चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या तर उभा अक्ष समाईक होतो आणि आडवी तुलना एक पायरी खाली घसरते. म्हणजे तेच सहा आलेख, त्यांतला एकही ठिपका न हलवता, नुसत्या जागा बदलल्याने निराळे बोलू लागतात.

११/
दरम्यान १९८३ मध्ये एडवर्ड टफ्टी यांचे आलेखकलेवरील पुस्तक निघाले. हवा तसा छापखाना आणि कागद मिळावा म्हणून त्यांनी ते घर गहाण टाकून स्वतः प्रकाशित केले. एकाच रचनेच्या छोट्या चित्रांची मालिका या जुन्या प्रकाराला त्यांनी ‘स्मॉल मल्टिपल्स’ हे नाव दिले. नाव मिळाले की वस्तू दिसू लागते, तसे झाले. पण टफ्टी यांचा वाचक आरेखक होता, आणि त्यांची उदाहरणे तयार, छापील चित्रे होती. आकड्यांच्या ढिगासमोर बसलेल्या माणसाने अशी मालिका पाच मिनिटांत कशी काढावी, हा प्रश्न तसाच होता.

१२/
त्याचे उत्तर क्लीव्हलँड, रिचर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्रेलिस’ या नावाने दिले. ट्रेलिस म्हणजे वेल चढवण्याची जाळी, आपला मांडव म्हणा. त्यामागची कल्पना खणांच्या कल्पनेच्या अगदी उलट आहे. येथे आधी सहा आलेख काढून मग ते खणांत भरायचे नसतात. आज्ञा एकच द्यायची : उतारा आडवा, वाण उभे, आणि ही तुलना ठिकाणनिहाय. ठिकाणे सहा आहेत हे प्रणालीच मोजते, सहा चौकटी पाडते, प्रत्येकीच्या माथ्यावर नावाची पट्टी लावते, आणि सर्वांना एकच मापपट्टी देते. ‘ठिकाणनिहाय’ यासाठी सूत्रात एक उभी रेघ येते. संभाव्यतेच्या गणितात ‘अमुक दिले असता’ असे म्हणण्यासाठी जी रेघ काढतात तीच ही.

चौकट आता पानाचा तुकडा राहिली नाही. ती विश्लेषणाचाच भाग झाली. माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच.

१३/
आणि या पद्धतीचे गाजलेले पहिले उदाहरण म्हणून त्यांनी निवडला मिनेसोटाचा सातू.

सहा चौकटी, एक स्तंभ. प्रत्येक चौकटीत दहा ओळी, एकेका वाणाची एकेक. प्रत्येक ओळीवर दोन खुणा : एक १९३१ ची, एक १९३२ ची. चौकटी वर्णानुक्रमाने न लावता मध्यक उताऱ्याच्या क्रमाने लावलेल्या : तळाशी ग्रँड रॅपिड्स, माथ्यावर वासेका. वाणही त्याच न्यायाने : तळाशी स्वान्सोटा, वर ट्रेबी. हा क्रम महत्त्वाचा. वर्णानुक्रम शोधायला सोयीचा असतो, पाहायला नाही. उताऱ्याप्रमाणे लावले की सारे ठिपके डावीकडून उजवीकडे, खालून वर असे एका लयीत चढत जातात, आणि जे लय मोडते ते आपोआप उठून दिसते.

पाच चौकटींत १९३१ च्या खुणा एकूण उजवीकडे, १९३२ च्या डावीकडे. १९३१ हे वर्ष चांगले गेले, १९३२ वाईट. फक्त मॉरिसच्या चौकटीत १९३२ च्या खुणा उजवीकडे आणि १९३१ च्या डावीकडे. त्याही एखाददुसऱ्या वाणाच्या नव्हेत, सरसकट.

१४/
याचा अर्थ काय? क्लीव्हलँड यांनी दोन शक्यता मांडल्या. एक, मॉरिस येथे त्या वर्षी काही विलक्षण स्थानिक घडले असावे. दुसरी, कुणीतरी तक्ता उतरवताना मॉरिसच्या दोन वर्षांची अदलाबदल केली असावी. मॉरिसमधला फरक उलट दिशेचा असला तरी आकाराने इतर ठिकाणच्या फरकांसारखाच होता. दोन वर्षे उलटी करा, की मॉरिस निमूटपणे रांगेत येऊन बसते. आणखी आलेख, गणिती प्रतिरूप आणि थोडी चौकशी यांनंतर त्यांचा कौल चुकीच्या बाजूने पडला : मूळ आकडेच चुकले आहेत.

१९९३ च्या ‘व्हिज्युअलायझिंग डेटा’ या त्यांच्या पुस्तकातून ही कथा सर्वत्र गेली. साठ वर्षे थोरामोठ्यांच्या नजरेतून निसटलेली चूक एका आकृतीने पकडली! आलेखांच्या बाजूने याहून चांगला दाखला कोणता असणार? विद्यापीठांच्या वर्गांतून ती सांगितली जाऊ लागली. या कथेत इमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिका अर्थातच निष्काळजी नोंद करणाऱ्यांची होती, आणि उत्तर द्यायला त्यांच्यापैकी कुणी समोर नव्हते.

१५/
ट्रेलिस आले ते ‘एस’च्या व्यापारी आवृत्तीत, ‘एस-प्लस’मध्ये. पैसे मोजणाऱ्यांसाठी. ते सर्वांना खुले झाले ते न्यूझीलंडमार्गे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘एस’च्या धर्तीवर ‘आर’ ही मुक्त भाषा रचली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० या दिवशी निघाली. त्याच विद्यापीठातील पॉल मरेल यांनी आधी असमान आकाराचे खण पाडण्याची सोय केली आणि पुढे ‘ग्रिड’ ही पायाभूत प्रणाली दिली. तिच्यात पानाच्या आत चौकट, चौकटीच्या आत चौकट, अशी हवी तितकी घडण करता येते.

या पायावर दीपायन सरकार यांनी ‘लॅटिस’ उभे केले. सरकार हे भारतीय सांख्यिकी संस्थेचे विद्यार्थी, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डॉक्टरेट, आणि पुढे त्याच संस्थेच्या दिल्ली केंद्रात अध्यापक. २००८ मधले लॅटिसवरील त्यांचे पुस्तक अनेक संशोधकांच्या टेबलावर असते. लॅटिसबरोबर मिनेसोटाचा सातूही येतो. ‘आर’ बसवणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात ते १२० आकडे आज हजर आहेत.

लॅटिसची एक लकब नवख्यांना बुचकळ्यात टाकते. त्यातली पहिली चौकट वर डावीकडे नसून खाली डावीकडे असते. कारण आलेखात आरंभबिंदू खाली असतो, तक्त्यात वर. चौकटींचा समूह हा आलेख मानायचा की तक्ता? ट्रेलिसने ‘आलेख’ असे उत्तर दिले. नंतरच्या बहुतेक प्रणालींनी ‘तक्ता’ म्हटले. दोन्ही बाजूंना तर्क आहे.

१६/
पुढचा टप्पा झपाट्याने सांगतो. हॅडली विकहॅम यांच्या ‘जीजीप्लॉट२’ने २००७ पासून ट्रेलिसची कल्पना ‘फॅसेट’ या नावाने घराघरांत नेली. तेथे मापपट्टी मुळात समाईकच असते. ती चौकटीगणिक मोकळी सोडायची तर तसे मुद्दाम सांगावे लागते. हा उंबरठा लहान असला तरी फार उपकारक आहे.

पण फॅसेटला सर्व चौकटी एकाच जातीच्या लागतात. शोधनिबंधात मात्र एक नकाशा, एक स्तंभालेख आणि एक ठिपक्यांचा आलेख अशी सरमिसळ हवी असते, वर अ, ब, क अशी अक्षरे. येथे जुनी खणांची अडचण नव्या रूपात परत आली. एका आलेखाच्या उभ्या अक्षावर ‘५’ लिहिलेले असते, दुसऱ्याच्या ‘१०००००’. मोठ्या आकड्याला जागा जास्त लागते, म्हणून त्याची आतली चौकट आक्रसते, आणि एकाखाली एक ठेवलेल्या आलेखांच्या कडा जुळत नाहीत. क्लीव्हलँड यांची समाईक मापपट्टी तेथेच तुटते. क्लॉस विल्के यांचे ‘काउप्लॉट’ आणि २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले टॉमस लिन पेडरसन यांचे ‘पॅचवर्क’ यांनी हा प्रश्न हाताळला : अक्षाची जागा वेगळी मोजायची, सर्वांत रुंद जी असेल ती सर्वांना द्यायची, आणि आतल्या चौकटी काटेकोर ओळीत आणायच्या. पॅचवर्कची लिहिण्याची रीत तर गोड आहे. दोन आलेखांमध्ये उभी रेघ लिहा, ते शेजारी बसतात. तिरपी रेघ लिहा, अंश आणि छेदासारखे वरखाली बसतात.

पायथनच्या जगात हेच काम ‘मॅटप्लॉटलिब’ करते. जॉन हंटर या मेंदूच्या अभ्यासकाने ते २००३ च्या सुमारास, मॅटलॅबची सवय न सोडता मॅटलॅब सोडता यावे म्हणून, रचले. त्यामुळे त्यातले खण आजही एकपासून मोजले जातात, जरी पायथनमध्ये बाकी सारे शून्यापासून मोजतात. २०२० मध्ये त्यात अक्षरांनी रांगोळी काढावी तशी मांडणी लिहून देण्याची सोय आली : वर ‘ए ए बी’, खाली ‘सी सी बी’. जितकी अक्षरे, तितकी जागा.

१७/
आता परत मॉरिस.

२०१३ मध्ये केविन राइट यांनी ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात या सातूची फेरतपासणी प्रसिद्ध केली. क्लीव्हलँड यांच्याकडे होती तीच दोन वर्षे घेऊन वाद घालण्याऐवजी त्यांनी मिनेसोटातील चाचण्यांच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या आणि १९२७ ते १९३६ या दहा वर्षांचे उतारे गोळा केले. त्या ठिकाणांच्या पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदीही जमवल्या. मग चौकटी पुन्हा मांडल्या, पण या वेळी दोन वर्षांच्या जागी दहा.

या रुंद आकृतीत मॉरिस फारसे विचित्र दिसत नाही. एक वर्ष एका ठिकाणी चांगले आणि दुसऱ्या ठिकाणी वाईट, असे त्या दशकात वारंवार झालेले दिसते. हा अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील अवर्षणाचा काळ. पाऊस एका तालुक्यात पडावा आणि शेजारच्यात नाही, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. स्थानिक हवामान ध्यानात घेतले तर मॉरिसचे आकडे जसे छापले तसेच खरे असण्यास काही अडथळा उरत नाही. वर्षांची अदलाबदल झाली असे मानण्याची गरजच राइट यांना दिसली नाही.

१८/
क्लीव्हलँड यांची आकृती यामुळे खोटी ठरली का? आकृतीने एवढेच दाखवले होते की मॉरिस इतर पाचांसारखे नाही. ते आजही खरे आहे. ‘इतरांसारखे नाही, म्हणून चुकले’ ही पुढची उडी आकृतीबाहेरची होती, आणि दोन वर्षांच्या आकड्यांवर ती घेणे धाडसाचेच होते. मापपट्टी समाईक होती, क्रम उत्तम होता, खुणा स्पष्ट होत्या. चौकटी मात्र सहाच होत्या आणि प्रत्येकीत वर्षे दोनच.

राइट यांनी जमवलेले दहा वर्षांचे उतारे आणि हवामानाच्या नोंदी आता ‘आर’मधील ‘अ‍ॅग्रिडॅट’ या संग्रहात सर्वांना उपलब्ध आहेत. ज्यांना हौस आहे त्यांनी ते उघडावेत, ठिकाणनिहाय चौकटी पाडाव्यात, उभ्या अक्षावर वाणांच्या जागी वर्षे घ्यावीत आणि १९३१–३२ ही दोन वर्षे त्या दशकात कोठे बसतात ते स्वतः पाहावे. चौकटी एका स्तंभात लावाव्यात. दोन ओळी आणि तीन स्तंभ केले तर उताऱ्यांची तुलना हातची निसटते.